पानाचा ओठ, पायाचा ओठ

तुळशीची मंजिरी भिंगाखाली धरली की आधी दिसतात त्या लव असलेल्या, जांभळट झाकेच्या हिरव्या वाट्या. प्रत्येक वाटीतून एक चिमुकलं फूल बाहेर डोकावत असतं, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. नुसत्या डोळ्यांना तो फक्त जांभळट-पांढरा ठिपका वाटतो, पण भिंगातून पाहिलं की त्याला तोंड फुटतं. वरचा ओठ रुंद, चार लहान पाळ्यांचा. खालचा ओठ अखंड आणि किंचित खोलगट, पुढे आलेला. आणि त्या खालच्या ओठावर चार पुंकेसर पुढे झुकून पहुडलेले. फूल गळून गेल्यावर जी हिरवी वाटी मागे राहते तिलाही दोन ओठ असतात. वरचा गोल आणि मोठा, खालचा टोकदार दातांचा. वाळलेली मंजिरी चुरून बी काढताना बोटांना जे टोचतं ते हेच दात.

आता या फुलावर सातेरी मधमाशी येऊन बसते. ती खालच्या ओठाला पायांनी धरते, फूल तिच्या वजनानं लवतं, आणि ती सोंड आत घालते. ही सोंड कशाची बनलेली असते? तिचा मधला केसाळ भाग, म्हणजे ज्याला आपण माशीची जीभ म्हणतो तो, कीटकशास्त्राच्या हिशेबात माशीच्या खालच्या ओठाचा लांबवलेला भाग आहे. म्हणजे मंजिरीवर घडतं ते असं, की फुलाच्या ओठावर उभं राहून माशी आपला ओठ फुलात घालते.

मला या गोष्टीचं नवल वाटायचं थांबलेलं नाही. फूल आणि कीटक यांचं नातं किती लांबचं! एकाला मुळं, दुसऱ्याला पंख. दोघांच्या वंशात माणसाच्या ओठाशी रक्ताचं नातं सांगणारं काही नाही. तरीही दोघांनी ओठ घडवले, आणि ते घडवताना हाताशी होतं ते वापरलं. फुलानं पानाचा वंशज घेतला, कीटकानं पाय घेतला.

आधी फुलाच्या ओठाचं काम काय ते पाहू. चहूबाजूंनी सारख्या दिसणाऱ्या फुलावर, उदाहरणार्थ जास्वंदीवर किंवा कण्हेरीवर, कीटक कुठल्याही बाजूनं येऊन बसू शकतो. ओठाचं फूल त्याला ही मोकळीक देत नाही. बसायला एकच जागा, आत शिरायची एकच दिशा. त्यामुळे माशीचं डोकं कुठे असेल, पाठ कुठे टेकेल, पोट कुठे घासेल हे फुलाला जणू आधीच ठाऊक असतं, आणि पराग नेमका त्या जागी लावता येतो. तीच माशी त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर गेली की तिच्या अंगावरची तीच जागा त्या फुलाच्या कुक्षीला लागते. पराग वाया जात नाही.

ही जागा प्रत्येकानं आपापली निवडली आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत तुंबा उगवतो, ज्याला द्रोणपुष्पी म्हणतात. त्याची पांढरीशुभ्र फुलं महादेवाला वाहतात, आणि खेड्यातल्या मुलांना ती उपटून मागच्या टोकातला मध चोखायची सवय असते. तुंबा आणि तुळस एकाच कुळातली, पण दोघांच्या फुलांची मांडणी नेमकी उलटी. तुंब्याचा वरचा ओठ लहान आणि लोकरीसारख्या पांढऱ्या लवेनं भरलेला, त्याच्या छपराखाली पुंकेसर दडलेले. खालचा ओठ मोठा, तीन पाळ्यांचा, पसरलेला. माशी खालच्या ओठावर उतरते आणि पराग वरून तिच्या डोक्यावर, पाठीवर पडतो. तुळशीत मात्र पुंकेसर खालच्या ओठावरच पसरलेले, त्यामुळे पराग लागतो तो माशीच्या पोटाला. एकाच अंगणात, एकाच माशीच्या अंगावर दोघांना आपापली वेगळी जागा मिळते. पुढच्या वेळी तुळशीवर आणि तुंब्यावर माशी दिसली तर तिचं पोट आणि पाठ निरखून पाहा.

अडुळशाच्या फुलानं ओठावर लिखाणही केलेलं असतं. त्याचं पांढरं फूल चांगलं मोठं, वरचा ओठ पुढे वाकलेला, खालच्या ओठावर जांभळ्या-गुलाबी रेघा. त्या रेघा ओठाच्या कडेकडून घशाकडे जातात, जिथे मध आहे तिकडेच. फुलावरच्या अशा खुणा कीटकांना मधाची वाट दाखवतात हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं ते ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यानं. बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावातल्या शाळेचा हा मुख्याध्यापक. त्याचं पुस्तक 1793 साली निघालं आणि त्या काळात त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. फुलं कीटकांसाठी सजतात ही कल्पनाच तेव्हाच्या लोकांच्या पचनी पडली नाही. पुढे डार्विननं ते पुस्तक उचलून धरलं.

त्याच पुस्तकात श्प्रेंगेलनं युरोपातल्या कुरणांत उगवणाऱ्या साल्व्हियाचं वर्णन केलं आहे. साल्व्हिया तुळशीच्याच कुळातली. तिच्या फुलात दोनच पुंकेसर असतात, आणि प्रत्येक पुंकेसर मधोमध बिजागरीवर बसवलेला. वरची लांब दांडी वरच्या ओठाच्या कमानीत लपलेली, तिच्या टोकाला परागकोश. खालची आखूड दांडी घशात आडवी आलेली. माशीनं मधासाठी डोकं आत घातलं की आखूड दांडी मागे ढकलली जाते आणि लांब दांडी खाली येऊन माशीच्या पाठीवर टेकते. माशी मागे सरली की दांडी परत जागेवर. काही काळानं त्याच फुलातली कुक्षी लांब होऊन खाली वाकते आणि थेट त्या उंचीवर येते जिथे दुसऱ्या फुलातून आलेल्या माशीची पाठ असेल. बारीक काडी घेऊन हलकेच आत घातली तरी ही यंत्रणा हलताना दिसते. बागेतल्या लाल साल्व्हियात मात्र ही तरफ एवढी चांगली चालत नाही. ते फूल हमिंगबर्डसाठी घडलेलं आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की फुलाचा ओठ म्हणजे पाकळी, एवढंच. तुळस, तुंबा, अडुळसा यांच्यापुरतं ते खरं आहे. त्यांच्या पाच पाकळ्या एकमेकींना जुळून नळी होते आणि नळीच्या तोंडाशी त्यांची वर काही, खाली काही अशी वाटणी होते. पण सोनटक्का उलगडून पाहा.

संध्याकाळी उमललेला सोनटक्का घ्या. त्यातला सगळ्यांत रुंद, टोकाशी दुभंगलेला, पांढरा भाग हा त्याचा ओठ. बाजूला दोन पांढऱ्या पाकळ्या दिसतात. या तिघांना मिळून आपण फूल समजतो. खऱ्या पाकळ्या वेगळ्याच आहेत. त्या अरुंद आणि फिकट, मागे लोंबत असतात आणि फूल उमलल्यावर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ओठ आणि बाजूच्या दोन ‘पाकळ्या’ हे सगळे मुळात पुंकेसर होते. त्यांनी पराग करणं सोडलं आणि ते पाकळीसारखे पसरले. त्यातले दोन एकमेकांना जुळले, त्यांचा ओठ झाला, आणि म्हणूनच तो टोकाशी दुभंगलेला आहे. पराग देणारा पुंकेसर फुलात एकच उरला. त्याच्या दोन कोशांच्या मधल्या खाचेत स्त्रीकेसराची बारीक दांडी अडकवलेली असते, ती सुईनं हळूच सोडवून घेता येते. आलं, हळद, वेलची ही सगळी याच कुळातली, त्यांचे ओठही असेच पुंकेसरांचे.

पावसाळ्यात कोकणात आणि घाटात फुलणारं पेव याच्याही पुढे गेलं आहे. तांबड्या कणसातून बाहेर येणारं त्याचं ते मोठं, पांढरं, चुण्या पडलेलं फूल म्हणजे जवळजवळ सगळा ओठच, आणि तो पाच पुंकेसर एकत्र जुळून झालेला.

तेरड्याचा प्रकार आणखी निराळा. कोकणात गौरी म्हणून घरात येणाऱ्या तेरड्याच्या फुलाला मागे एक बारीक शेपटी असते, मधाची नळी. ती ज्या वाटीसारख्या भागाला जोडलेली असते त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ ओठ म्हणतात, आणि तो पाकळीही नव्हे, पुंकेसरही नव्हे. कळीच्या बाहेरचं जे हिरवं आवरण असतं त्यातलं एक दल रंगीत होऊन हा ओठ बनला. म्हणजे बाहेरचं दल, पाकळी, पुंकेसर, ज्याला जे परवडलं त्यानं त्याचा ओठ केला. फुलाचे हे सगळे भाग शेवटी पानांचेच वंशज आहेत असं जर्मन कवी गटेनं 1790 साली मांडलं होतं, आणि ते अंदाजापुरतं राहिलं नाही. प्रयोगशाळेत ठरावीक जनुकं बंद केली की फुलाच्या जागी हिरवी पानंच येतात.

फोनवर अधूनमधून लाल लिपस्टिक लावलेल्या ओठांसारख्या एका फुलाचा फोटो फिरतो. तो खरा आहे, पण ते फूल नव्हे. मध्य अमेरिकेतल्या आणि कोलंबियातल्या सायकोट्रिया एलाटा या झुडपाची ती दोन लाल पानं आहेत, खरी फुलं त्या दोघांच्या मधून नंतर निघतात. दिसायला ते हुबेहूब ओठ, पण कीटकाला बसायला जागा देण्याचं काम ते करत नाहीत. माझं मन या फोटोपेक्षा तुळशीच्या तीन मिलिमीटरांत जास्त रमतं.

फुलाला वर काय आणि खाली काय हे कळतं कसं? याचा धागा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसपर्यंत जातो. 1742 साली स्टॉकहोमजवळच्या बेटांवर एका विद्यार्थ्याला टोडफ्लॅक्स नावाच्या रानफुलाचं एक विचित्र रोप सापडलं. या फुलाला एरवी दोन ओठ आणि मागे एक शेपटी असते. या रोपाच्या फुलांना ओठच नव्हते. पाचही पाकळ्या सारख्या, चहूबाजूंनी सारखी नळी, आणि मागे पाच शेपट्या. लिनियसला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी दुसरं फूल चिकटवून आपल्याला फसवतंय. खात्री पटल्यावर त्यानं 1744 साली त्यावर प्रबंध लिहिला. गाईच्या पोटी लांडग्याच्या डोक्याचं वासरू जन्मावं एवढा हा चमत्कार आहे, असं त्याला वाटलं होतं.

उत्तर मिळायला अडीचशे वर्षं गेली. इंग्लंडमध्ये नॉरिच इथल्या जॉन इनेस सेंटरमध्ये एन्रिको कोएन आणि सहकारी स्नॅपड्रॅगनवर काम करत होते. तेही दोन ओठांचं फूल. त्याचे ओठ एकमेकांवर घट्ट मिटलेले असतात आणि दणकट भुंग्यालाच ते उघडता येतात. 1996 मध्ये त्यांनी सायक्लॉइडिया नावाचं जनुक शोधलं. ते कळीच्या वरच्या बाजूलाच चालू असतं, आणि तिथल्या पाकळ्यांना ‘तुम्ही वरच्या’ असं सांगतं. हे जनुक आणि त्याचं एक भावंड, दोन्ही निकामी झाली की फूल गोल होतं आणि पाचही पाकळ्या खालच्या ओठाच्या मधल्या पाकळीसारख्या होतात. याचा अर्थ असा की खालचा ओठ हा न सांगता होणारा आकार आहे. वरचा ओठ व्हायला हुकूम लागतो. मग 1999 मध्ये याच मंडळींनी लिनियसच्या त्या विचित्र टोडफ्लॅक्सचा उलगडा केला. त्या रोपात हेच जनुक होतं, त्यातलं एक अक्षरही बिघडलेलं नव्हतं. फक्त त्याच्यावर रासायनिक खुणा बसून ते गप्प झालं होतं, आणि ते गप्प राहणं बीजातून पुढच्या पिढीत उतरत होतं.

ओठाचा खरा उत्सव मात्र आमरींच्या कुळात, म्हणजे ऑर्किडमध्ये. आमरीच्या तीन पाकळ्यांपैकी एक बाकीच्या दोघींपेक्षा वेगळी असते, कधी रंगानं, कधी आकारानं, बहुधा दोन्हींनी. सह्याद्रीतल्या झाडांवर मे-जूनमध्ये लोंबणाऱ्या सीतेच्या वेणीत गर्द जांभळा भाग दिसतो तो ओठच. कळीत हा ओठ वरच्या अंगाला असतो. उमलण्याआधी बहुतेक आमरींचं फूल आपल्या देठावर अर्धा वळसा घेतं आणि ओठ खाली आणतं, कीटकाला उतरायला. पावसाळ्यात कासच्या पठारावर किंवा घाटमाथ्यावर फुलणाऱ्या पांढऱ्या हबेनारिया आमरींचा बीजांडकोश देठासारखा लांब असतो. तो न तोडता नुसता निरखला तरी त्यावरचा पीळ दिसतो.

याच ओठानं काही आमरींनी असं काम केलं आहे की त्याचं वर्णन करताना शब्द सांभाळावे लागतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या ऑफ्रिस आमरींचा ओठ फुगीर आणि केसाळ असतो. आरसा-आमरीत त्याच्या मधोमध निळा चकाकता पट्टा आणि कडेला तपकिरी केस. या फुलात मध नाही. तरी एका जातीच्या गांधीलमाशीचे नर त्याच्यावर तुटून पडतात. अल्जीरियात न्यायाधीश असलेले पुयान यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि 1916 मध्ये कोरव्हाँ यांच्यासोबत प्रसिद्ध केलं. नर ओठाला मादी समजतो आणि तिच्याशी जुगायला पाहतो, त्यात पराग त्याला चिकटतो. अनेकांनी यावर विश्वास ठेवला नाही. मग 1927 मध्ये ऑस्ट्रेलियात ईडिथ कोलमन यांनी तिथल्या क्रिप्टोस्टायलिस आमरीवर हाच प्रकार नोंदवला. 1999 मध्ये कळलं की यात रूपापेक्षा गंध मोठा आहे. ऑफ्रिसच्या एका जातीचा ओठ जी मेणासारखी संयुगं सोडतो तीच मादी माशीच्या अंगावर असतात, आणि जवळजवळ त्याच प्रमाणात. पानाच्या वंशजानं एका माशीच्या देहाचा गंध घडवावा!

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हातोडा-आमरीचा ओठ बिजागरीवर असतो. तिथल्या काही गांधीलमाश्यांच्या माद्यांना पंख नसतात. नर त्यांना उचलून उडतात. नर ओठाला मादी समजून उचलायला जातो तेव्हा बिजागरी फिरते आणि तो स्वतःच फुलाच्या खांबावर आपटतो, जिथे पराग आहे. आणि अमेरिकेच्या उष्ण जंगलातल्या कोरिॲन्थिसनं ओठाची बादली केली आहे. फुलातल्या दोन ग्रंथींमधून थेंब थेंब पाणी तिच्यात साचतं. सुगंध गोळा करायला आलेला हिरवा चकाकता नर भुंगा निसटून त्यात पडतो. पंख भिजल्यामुळे त्याला उडता येत नाही. बाहेर पडायला एकच अरुंद बोगदा असतो, त्यातून तो रेटत निघतो आणि निघता निघता पाठीवर परागाचे गोळे डकवले जातात.

आता कीटकाच्या बाजूनं. नाकतोड्याचं तोंड समोरून पाहिलं की वर एक झापड दिसतं, तो वरचा ओठ. त्याच्यामागे आडवे चालणारे काळपट जबडे. मग एक मदतनीस जोडी. आणि सगळ्यांत खाली-मागे खालचा ओठ, ज्याला दोन्ही बाजूंना सांध्यांच्या छोट्या मिशा असतात. त्या मिशांमध्येच सगळं रहस्य आहे. अंड्यात वाढणाऱ्या नाकतोड्याच्या भ्रूणावर पाहिलं तर छातीच्या पायांचे कोंब एका ओळीत आलेले दिसतात, आणि त्याच ओळीत पुढे, डोक्याच्या भागात, तशाच कोंबांची आणखी एक जोडी असते. थोड्या दिवसांनी ही जोडी मध्यभागी येऊन एकमेकांना जुळते. तो खालचा ओठ. त्याच्या बाजूच्या मिशा म्हणजे उरलेले पाय.

1933 साली ब्रिजेस आणि डॉबझान्स्की यांनी फळमाशीचा एक वाण नोंदवला. त्यात तोंडाच्या टोकाशी जिथे ओठाच्या मऊ पाळ्या असायला हव्यात तिथे पायांसारखे अवयव उगवले होते. एकच जनुक बिघडलेलं होतं. लिनियसच्या फुलात जनुक गप्प झालं आणि वरचा ओठ हरवला. इथे जनुक बिघडलं आणि ओठ परत पाय झाला. दोन्हीकडे ओठाचा आकार एका चालू राहणाऱ्या सूचनेवर टिकून आहे, हे वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

घरमाशीच्या सोंडेच्या टोकाला त्याच मऊ पाळ्या असतात, आणि आमरीच्या ओठाला शास्त्रज्ञांनी जे नाव दिलं तेच यांनाही दिलं आहे, लेबेलम. पाळ्यांच्या तळाला बारीक पन्हळांचं जाळं असतं. साखरेवर बसलेली माशी आधी लाळ सोडून साखर विरघळवते आणि पन्हळांतून ते पाणी ओढते. तिला चावता येतच नाही. मिठाईवर बसलेल्या माशीची घाण वाटते ती योग्यच, कारण आधीच्या जागेवरचं काय काय त्या पन्हळांतून आलेलं असतं.

डासाच्या मादीनं दोन्ही ओठ दोन वेगळ्या कामांना लावले. जी जाड सोंड आपल्याला दिसते तो खालचा ओठ, नुसतं म्यान. आत सहा सुया असतात. चावताना म्यान कातडीत शिरत नाही, ते मागे वाकून बाहेरच राहतं. आत जातात सुया: दोन कापणाऱ्या, दोन करवतीसारख्या, एक लाळ सोडणारी, आणि सहावी, जिच्या पन्हळीतून रक्त वर येतं, तो असतो तिचा वरचा ओठ. तो लांब, टोकदार होऊन पोकळ झालेला. ढेकूण, मावा, कापसावरचे तुडतुडे यांची चोचही अशीच खालच्या ओठाचं म्यान आहे. फुलपाखरू मात्र या वाटेनं गेलं नाही. त्याची गुंडाळलेली सोंड मधल्या मदतनीस जोडीची आहे. ओठाच्या मिशा त्याच्या डोळ्यांपुढे केसाळ होऊन उभ्या असतात, तेवढाच त्याचा ओठ.

चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं, तळाच्या गाळात किंवा शेवाळात न हलता. त्याचा खालचा ओठ लांब, मध्ये सांधा असलेला, हनुवटीखाली दुमडलेल्या हातासारखा. टोकाला दोन आकडे. डासाची अळी किंवा बेडकाचं पोर टप्प्यात आलं की हा ओठ झपकन पुढे येतो, भक्ष्य पकडतो आणि तोंडाशी आणतो. डोळ्यांना तो दिसत नाही, वेगवान कॅमेराच लागतो. बरीच वर्षं समजूत होती की पोटातल्या पाण्याच्या दाबानं तो बाहेर फेकला जातो. 2021 मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ओठात दोन गोफणी आहेत, दोन सांध्यांवर दोन. स्नायू आधी त्या ताणतात, मग खटका सुटतो. नेम चुकू नये म्हणून दोन्ही वेगवेगळ्या आवरता येतात. डासांची पैदास झालेल्या डबक्यात चतुराची पिल्लं असली तर ती डासांच्या अळ्या फस्त करतात.

आणि रेशीम! तुतीची पानं खाणाऱ्या रेशीमकिड्याच्या अळीच्या खालच्या ओठावर एक सूक्ष्म नळी असते. लाळेच्या ग्रंथी बदलून झालेल्या दोन लांब ग्रंथींमधून द्राव तिथे येतो आणि हवेत ओढला गेला की त्याचा धागा होतो. अळी डोकं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवत राहते आणि सुमारे एक किलोमीटर अखंड धागा अंगाभोवती गुंडाळते. येवल्याच्या मागावरच्या पैठणीचा रेशमी ताणा असा कुणा अळीच्या ओठातून निघालेला असतो. पैठणी नेसणारीला आणि विणणाऱ्यालाही हे कुणीतरी सांगायला हवं, असं मला नेहमी वाटतं.

मधमाशीच्या ओठाचं तपशिलानं सांगायचं राहिलं. तिची केसाळ जीभ, बाजूच्या दोन मिशा आणि मधल्या जोडीची दोन पाती मिळून एक नळी तयार होते. काम नसताना हे सगळं घडी होऊन हनुवटीखाली जातं. मधाशी आलं की उलगडतं आणि जीभ सेकंदाला सुमारे पाच वेळा आत-बाहेर होते. प्रत्येक वेळी जिभेवरचे केस ताठ होतात, त्यांच्या मधल्या जागेत रस भरतो. सातेरीची ही जीभ साधारण पाच मिलिमीटर लांब. यापेक्षा खोल नळीचा मध तिच्या आवाक्यात नाही. भुंगा अशा वेळी नळीला बाहेरून चीर पाडतो आणि ओठ, पराग, सगळं बाजूला ठेवून मध चोरून नेतो. अशा चिरा फुलांच्या बुडाशी शोधल्या तर सापडतात.

कीटकांचे ओठ फुलांपेक्षा फार जुने. कीटक सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचे, फुलांचे नक्की ओळखता येणारे जीवाश्म 13 कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि त्यातही ओठाची फुलं आणखी उशिराची. या दोघांची गाठ पडल्याचा एक पुरावा हातात धरता येण्याजोगा आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या राळेच्या एका तुकड्यात एक डंख नसलेली माशी अडकलेली सापडली, आपल्याकडच्या पोयाच्या माशीच्या गोतावळ्यातली. तिचं वय दीड ते दोन कोटी वर्षं. तिच्या पाठीवर आमरीच्या परागाचे गोळे चिकटलेले आहेत. सांतियागो रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्या आमरीला मेलिऑर्किस कॅरिबिया असं नाव दिलं. फूल मिळालेलं नाही, फुलाची पाकळीही नाही. पण पराग पाठीवर नेमका कुठे लागला आहे, त्यावरून माशी फुलात किती खोल शिरली असेल ते काढता येतं, आणि त्यावरून एवढं ठरवता आलं की त्या फुलाचा ओठ घशासारखा खोल होता आणि माशी त्याच्यात अंगभर शिरून बाहेर आली होती.